मालकही बिघडले, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल वाचताना 'गुलामांचे हाल झालेच, पण मालकांचंही नैतिक अधःपतन झालं' हे वाक्य सारखं भेटतं. मला ते खटकतं. मारणाऱ्याचा हात दुखला म्हणून त्यालाच मलम लावण्यासारखं नाही का हे? आणि ती माणसं मुळातच क्रूर होती की गुलामगिरीने तशी झाली, हे आज कशावरून ठरवायचं?"

मी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात 28 वर्षं इतिहास शिकवला. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं 'अमेरिकेचा इतिहास' हा पेपर माझ्याकडे होता. तुमचा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि बहुतेक वेळा मागच्या बाकावरून. माझं उत्तर मात्र दर वर्षी थोडं बदलत गेलं. निवृत्त झाले तेव्हा ते जिथे येऊन थांबलं होतं, ते सांगते.

आधी मलमाचं. तुम्हाला खटकतंय ते रास्त आहे. 'मालकांचंही' या शब्दातला तो 'ही' फसवा आहे. एका पारड्यात पाठीवरचे वळ, विकली गेलेली पोरं आणि जन्मभराची बुडालेली मजुरी. दुसऱ्या पारड्यात धन्याचा बिघडलेला स्वभाव. असा तराजू कुणी मांडला तर सरळ उठून जावं. पण हे वाक्य मुळात कुणी उच्चारलं तेही पाहायला हवं. उत्तर कॅरोलिनातल्या ईडंटन गावची हॅरिएट जेकब्स ही गुलाम स्त्री मालकाच्या हातून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर जवळपास 7 वर्षं लपून राहिली. माळा 9 फूट लांब, 7 फूट रुंद आणि सगळ्यात उंच जागी 3 फूट. 1861 मध्ये छापलेल्या आत्मकथनात तिनेच लिहिलंय की गुलामगिरी काळ्यांसाठी शाप आहे तशी गोऱ्यांसाठीही आहे: बाप क्रूर आणि विषयी होतात, मुलगे हिंसक होतात, मुली बिघडतात आणि बायका झुरतात. त्यापुढे ती म्हणते की काळ्यांचं काय झालं हे सांगायला माझ्यापेक्षा समर्थ लेखणी हवी. मालकांची गत तिने चार ओळींत उरकली. स्वतःच्या लोकांच्या दुःखाला तिला शब्द अपुरे वाटले. हे प्रमाण लक्षात ठेवलं की तराजूची भानगड उरत नाही.

हेच वाक्य मालकांनीही म्हटलंय, पण वेगळ्या सुरात. 1787 च्या घटना परिषदेत व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन म्हणाले की गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी राजा असतो. शब्द खणखणीत होते. मेसन यांच्याकडे स्वतःचे गुलाम होते आणि त्यातल्या एकालाही त्यांनी मुक्त केलं नाही. त्यांची काळजी होती ती आपल्या पोरांच्या वळणाची. तेव्हा 'मालकही बिघडले' हे वाक्य कोण म्हणतंय आणि कुणाच्या काळजीपोटी म्हणतंय, हे बघूनच त्याचं वजन ठरवावं.

आता खरा प्रश्न. माझ्या मते तो क्रूरतेचा नाहीच. क्रूर माणसं सगळीकडे असतात, त्यांना प्रथेची गरज लागत नाही. प्रश्न असा आहे की स्वतःला भला समजणाऱ्या माणसाला रोज एक वाईट गोष्ट करत राहायची असेल, तर त्यापायी त्याला आणखी काय काय करावं लागतं? एक खोटं झाकायला दहा खोटी बोलावी लागतात म्हणतात. ती दहा कोणती, ती कागदावर कशी दिसतात, हे शोधता येतं.

वर्गात मी एक कागद वाटायची. 1769 च्या सप्टेंबरमध्ये 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये छापून आलेली जाहिरात, मीच मराठी करून झेरॉक्स काढलेली. मजकूर साधारण असा: सँडी नावाचा मिश्रवर्णी गुलाम पळाला आहे. वय सुमारे 35, ठेंगणा, अंगाने स्थूलपणाकडे झुकणारा, रंग उजळ. जोडे शिवण्याचं काम करतो, त्यात मुख्यतः डावा हात वापरतो. जाडंभरडं सुतारकामही येतं, घोडेस्वारीत बऱ्यापैकी तयार. दारूचं व्यसन आहे, प्यायला की उद्धट होतो, बोलताना शिव्या फार देतो, वागणं कावेबाज. जाताना एक पांढरा घोडा आणि जोडे शिवायची हत्यारं घेऊन गेला आहे. परगण्यात सापडला तर 40 शिलिंग, वसाहतीत इतरत्र 4 पौंड, वसाहतीबाहेर 10 पौंड बक्षीस. खाली नाव, ते मी झाकून ठेवायची.

मग विचारायची, या कागदावरून लिहिणाऱ्याबद्दल काय कळतं? सँडीबद्दल नाही, लिहिणाऱ्याबद्दल. एका वर्षी एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे गुरुवारच्या बाजारात बैलाचं असंच सांगतात. सहादाती, शिंगं अशी, औताला चालतो, मारका नाही." वर्ग हसला. तेवढ्यात त्याच्या पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळली आणि म्हणाली, "पण बैल शिव्या देतो असं कुणी सांगत नाही."

मला तोपर्यंत जे नीट मांडता आलं नव्हतं ते तिने एका वाक्यात मांडलं. जाहिरात देणाऱ्याला पुरतं माहीत आहे की हा माणूस आहे. त्याचा स्वभाव, त्याचं कसब, त्याचा डावा हात, सगळं त्याने जवळून पाहिलंय. हत्यारं नेली म्हणजे हा आता स्वतःच्या कमाईवर जगायचा विचार करतोय, हेही त्याला उमगलंय. आणि तरीही त्याला तो वस्तू म्हणून परत हवाय. अडाणीपणा असता तर शिकवून गेला असता. इथे माहीत असलेली गोष्ट माहीत नाही असं रोज स्वतःला पटवायचं होतं. झोपेचं सोंग जन्मभर घ्यायचं म्हणजे केवढी मेहनत!

नाव उघडलं की वर्गात कुजबुज व्हायची. थॉमस जेफरसन, तेव्हा वय 26. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान जन्माला येतात हे वाक्य त्यांनी लिहिलं ते त्यानंतर 7 वर्षांनी. मध्ये 1773 मध्ये त्यांनी सँडीला 100 पौंडांना विकून टाकलं होतं.

जेफरसन यांच्यावर थोडं रेंगाळते, कारण रोगाचं निदान करणारा वैद्य आणि रोगी एकच, असं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. 1780 च्या दशकात व्हर्जिनियाबद्दल लिहिताना त्यांनी मालकाच्या घरातलं मूल कसं घडतं ते सांगितलंय. बाप गुलामावर खवळतो, मूल बघतं, बापाच्या चेहऱ्यावरचा राग उचलतं आणि आपल्याहून लहान गुलाम पोरांवर तोच आव आणतं. जुलमाचा असा रोज सराव होत असताना ज्याची नीती शाबूत राहील तो माणूस अलौकिकच म्हणायचा, असं ते म्हणतात. याहून अचूक कुणी लिहिलेलं नाही. आणि हेच जेफरसन 1790 च्या दशकात आपल्या माँटिसेलोच्या मळ्यावर खिळे पाडायचा कारखाना काढतात. कामाला 10 ते 16 वर्षांची गुलाम मुलं. 1795 च्या एका पत्रात ते सांगतात की डझनभर मुलं कामाला आहेत आणि सगळ्या बारकाव्यांवर मी जातीने लक्ष ठेवतो. लोखंडी सळई तोलून द्यायची, खिळे तोलून घ्यायचे, कुणाच्या हातून किती लोखंड वाया गेलं ते वहीत टिपायचं. पुढे 1820 मध्ये जावयाला लिहिलेल्या पत्रात आणखी एक हिशेब आहे: दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई मळ्यातल्या उत्तम पुरुषापेक्षा जास्त फायद्याची, कारण तिच्यापासून जे निपजतं ती भांडवलात भर, पुरुषाचे कष्ट मात्र खाण्यापिण्यात संपतात.

हे वाक्य मी वर्गात मोठ्याने वाचत नसे. फळ्यावर लिहून गप्प बसायची.

त्यात राग नाही, शिवी नाही, चाबूक नाही. 77 वर्षांचा सुसंस्कृत म्हातारा जावयाला व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतोय. मुलाला मालकाच्या रागाची लागण होते हे ज्याला 40 वर्षांपूर्वी दिसलं होतं, त्याला आता बाई आणि मूल यांच्यात फक्त भांडवल दिसतं. अधःपतन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फटके मारणारा मुकादम येतो. मला विचाराल तर ते या पत्रात जास्त आहे. जेफरसन 1826 मध्ये कर्ज मागे ठेवून गेले आणि 1827 च्या जानेवारीत माँटिसेलोवर 130 माणसांचा लिलाव पुकारला गेला.

आता तुमचा दुसरा भाग: मुळात तशी होती की झाली? इतिहासात प्रयोगशाळा नसते. पण एक प्रसंग प्रयोगाच्या फार जवळ जातो. 1826 मध्ये साधारण 8 वर्षांचा गुलाम मुलगा फ्रेडरिक डग्लस (पुढे त्यांनी आपली कहाणी स्वतः लिहिली) बाल्टिमोरला ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवला गेला. घरची बाई सोफिया. लग्नाआधी ती विणकाम करून स्वतःच्या कमाईवर जगायची आणि तिच्या हाताखाली कधी गुलाम नव्हता. मालकीण म्हणून कसं वागायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. पोराने तिच्याकडे मान वर करून पाहिलं तरी तिला वावगं वाटायचं नाही. आपल्या मुलासारखंच याचंही म्हणून तिने त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली, तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत आणलं. नवऱ्याला कळलं तसं त्याने तिला थांबवलं: हा वाचायला शिकला की गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. तिने शिकवणं बंद केलं. इथवर आज्ञाधारक बायको म्हणून सोडून देता येईल. पण डग्लस पुढचं सांगतात. हळूहळू ती नवऱ्यापेक्षा कडक झाली. पोराच्या हातात वर्तमानपत्र दिसलं की धावत येऊन ते हिसकावायची, आणि तिच्या चेहऱ्यावर संताप असायचा. गुलामगिरीने जेवढी इजा मला केली तेवढीच तिला केली, असं डग्लस लिहितात. ज्याने सोसलं त्याचंच हे म्हणणं असल्याने त्यावर मी वाद घालत नाही.

सोफिया का बदलली याचं माझं उत्तर साधं आहे. पोरगा माणूस आहे हे तिने स्वतःच सिद्ध करून पाहिलं होतं. अक्षरं दिली, त्याने घेतली. आता तो घरात जन्माचा गुलाम म्हणून राहणार असेल तर तो पुरावा डोळ्यांपुढे नको होता. वर्तमानपत्र हिसकावताना ती स्वतःलाच गप्प करत होती.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगते. मालकाला गुलामाचं माणूसपण दिसत होतं. ते न दिसल्यासारखं करायला मेहनत लागत होती. आणि ती मेहनत त्याच्या इतर गुणांमधून वसूल होत होती. कुणाचा जिव्हाळा गेला, कुणाची बुद्धी नुसती हिशेबाला लागली. प्रामाणिकपणाचं काय होतं, ते आता बघू.

लहानपणी कुऱ्हाडीने चेरीचं झाड तोडणाऱ्या आणि "बाबा, मी खोटं बोलू शकत नाही" म्हणणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली आहे. ती कल्पित आहे, त्यांच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने घातलेली. पुढची गोष्ट मात्र अस्सल पत्रातली. वॉशिंग्टन अध्यक्ष असताना राजधानी फिलाडेल्फियात होती. पेनसिल्व्हेनियाचा 1780 चा कायदा असा की बाहेरगावच्या मालकाने प्रौढ गुलाम सलग 6 महिने तिथे ठेवला, तर तो मुक्त होण्याचा हक्क सांगू शकतो. मग अध्यक्षांच्या घरातले गुलाम 6 महिने भरण्याआधी काही ना काही निमित्ताने राज्याबाहेर नेऊन आणायचे, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. 1791 च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन आपल्या सचिवाला, टोबायस लिअरना लिहितात की हे अशा बहाण्याने पार पाडा की त्यांचीही आणि जनतेचीही दिशाभूल होईल, आणि ही गोष्ट तुम्ही आणि मिसेस वॉशिंग्टन यांच्याबाहेर जाऊ देऊ नका. एरवी व्यवहाराला चोख असलेला हा माणूस कायदा फिरवतो, बहाणे रचतो, बायकोला आणि कारकुनाला त्यात सामील करून घेतो. कशासाठी? स्वयंपाकघर आणि शयनघर चालू राहावं म्हणून.

त्याच घरात ओना जज ही तरुण मुलगी मार्था वॉशिंग्टन यांची खास दासी होती. मार्थांच्या नातीला लग्नात आपल्याला आंदण द्यायचं ठरलंय हे तिला कळलं. 1796 च्या मे महिन्यात, घरचे जेवायला बसलेले असताना, ती निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. तिला परत आणायला वॉशिंग्टन यांनी तिथल्या जकात अधिकाऱ्याला, म्हणजे सरकारी माणसाला, खासगी कामाला जुंपलं. पत्रातली तक्रार वाचण्यासारखी आहे: मुलगी कृतघ्न निघाली, आम्ही तिला नोकरापेक्षा पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. पोटच्या पोरीला कुणी आंदण देत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल? मला वाटतं ते वाक्य त्यांनी अगदी मनापासून लिहिलं. मनापासून लिहिता आलं, हीच तर पंचाईत. ("घरच्यासारखं वागवलं हो, तरी सोडून गेली" हे आपल्याकडच्या घरांनाही अनोळखी नाही.) वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त केलं हेही सांगायला हवं. ओना त्यांत नव्हती, ती मार्थांच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली. 1848 मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी फरारीच होती.

घरातल्या बायकांचं आणखी एक. आईचा दर्जा तोच मुलाचा, असा कायदा व्हर्जिनियाने 1662 मध्येच केला होता. म्हणजे मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेलं मूल त्याच्याच मालमत्तेत जमा. या कायद्याने बापाला बापपण नाकारायची सोय झाली, वर फायदाही. दक्षिण कॅरोलिनातल्या मेरी चेस्नट या मोठ्या घरातल्या बाईने मार्च 1861 मध्ये डायरीत लिहिलंय की इथली कुठलीही बाई दुसऱ्यांच्या घरातल्या मिश्रवर्णी मुलांचा बाप कोण ते सांगेल. स्वतःच्या घरातली मात्र जणू ढगांतून पडलेली असतात. बोचरं आहे आणि खरं आहे. पण चेस्नट बाईंची सगळी कणव त्या गोऱ्या बायकांकडे वळते, त्या मुलांच्या आयांकडे फारशी वळत नाही. नजर इतकी तीक्ष्ण, तरी तिला ठरावीक जागेपलीकडे दिसत नव्हतं.

एका-एका माणसाचं असं झालं, तर सगळ्या समाजाने मिळून काय केलं? डॉक्टर, पाद्री, पुढारी यांच्यावरून भरभर पुढे जाते. लुइझियानाच्या डॉ. सॅम्युएल कार्टराइट यांनी 1851 मध्ये गुलामाच्या पळून जाण्याला रोगाचं नाव दिलं, ड्रॅपेटोमेनिया, आणि उपायांत फटकेही सांगितले. मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी 1838 मध्ये 272 माणसं लुइझियानाला विकली, आणि त्या पैशातून जॉर्जटाउनचं कॉलेज सावरलं. राजकारणात जेफरसनची पिढी निदान 'नाइलाजाचं पाप' म्हणत होती. 1837 मध्ये सिनेटर कॅल्हून यांनी गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे असं भर सभागृहात सांगितलं. मधल्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता. 1790 मध्ये 7 लाखांच्या आसपास असलेले गुलाम 1860 मध्ये जवळपास 40 लाख झाले. नीतिमत्ता कापसाच्या भावाबरोबर हलली, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त वाटेल, पण तारखा तरी तसंच सांगतात.

न्यायालयावर मात्र थांबते. 1829 मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या चोवॅन परगण्यात, म्हणजे हॅरिएट जेकब्सच्याच मुलखात, जॉन मान नावाच्या माणसाने लिडिया ही गुलाम स्त्री वर्षभराच्या भाड्याने घेतली होती. काही किरकोळ चुकीवरून तो तिला मारायला लागला, ती सुटून पळाली, त्याने थांबायला सांगितलं, ती थांबली नाही, त्याने गोळी घातली. ती जखमी झाली. खालच्या कोर्टात ज्युरीने त्याला दोषी धरलं. शेजारपाजारच्या गोऱ्या माणसांच्या ज्युरीने, हे लक्षात घ्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश थॉमस रफिन यांनी तो निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं असं की गुलामाची शरणागती पूर्ण हवी असेल तर धन्याची सत्ता निरंकुश असलीच पाहिजे. आणि मग ते जे लिहितात ते विलक्षण आहे: हे तत्त्व किती कठोर आहे याची मला जाणीव आहे, एकांतात विचार करणारा कुठलाही माणूस नैतिकदृष्ट्या ते धुडकावूनच लावेल, पण आहे त्या परिस्थितीत असंच असायला हवं.

निकालपत्र वाचताना मला रफिन यांचा राग येण्याआधी कापरं भरलं. या माणसाला सगळं कळतंय. एकांतातला रफिन आणि खुर्चीवरचा रफिन अशी वाटणी करून, खुर्चीवरच्याने लिडियाला कायद्याबाहेर काढलं. ते स्वतः गुलामांचे मालक होते. हात रक्ताने माखायची गरजच पडली नाही, सही पुरली.

हे सगळं सगळीकडे सारखं नव्हतं, हे कबूल करायला हवं. भाताच्या मोठ्या मळ्यावर धनी महिनोन्‌महिने फिरकायचा नाही, मुकादम बघायचा. तिथल्या धन्याला हात स्वच्छ असल्याचा भास सहज व्हायचा. एक-दोन गुलाम असलेला लहान शेतकरी त्यांच्याच बाजूला उभा राहून राबायचा, एकाच भांड्यातलं खायचा, आणि रागाच्या भरात मारायचाही स्वतःच. 1860 मध्ये गुलामगिरी असलेल्या राज्यांत साधारण चारात एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते. उरलेल्यांचा संबंध पळालेले गुलाम पकडायच्या गस्तीचा, गुलाम भाड्याने घेण्याचा किंवा कधीतरी मालक होण्याच्या नुसत्या मनसुब्यांचा. शिवाय आपल्याकडे कागद आहेत ते लिहिणाऱ्या मालकांचे. न लिहिणाऱ्यांच्या मनात काय चाललं होतं ते आपण त्यांच्या वागण्यावरून ताडतो, आणि ताडताना चूक होऊ शकते.

"पण काळच तसा होता" हा युक्तिवाद मात्र मी वर्गात टिकू द्यायची नाही. जेफरसन यांचे तरुण शेजारी एडवर्ड कोल्स यांनी 1814 मध्ये त्यांना पत्र लिहून विनंती केली की मुक्तीच्या कामात पुढाकार घ्या. जेफरसन यांनी उत्तर दिलं की हे तरुणांचं काम, मी म्हातारा झालो. आणि तुम्हीही आपले गुलाम सोडून जाऊ नका. कोल्स यांनी ऐकलं नाही. वारशात मिळालेल्या गुलामांना घेऊन ते 1819 मध्ये ओहायो नदीतून इलिनॉयकडे निघाले आणि वाटेत, नावेवरच, तुम्ही आता मोकळे आहात असं त्यांनी सांगितलं. पुढे दर कुटुंबाला 160 एकर जमीन दिली. काळ तोच, प्रांत तोच, पुस्तकंही बहुधा तीच. वाट होती, महाग होती, एवढंच.

आपल्या बाजूचा एक धागा आहे तो सांगून टाकते. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. ती मुक्ती तेव्हा अवघी 8 वर्षांची होती. अर्पणपत्रिका उदार मनाची आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या जमावाने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती. मालकी कायद्याने गेली, मालकपण गेलं नव्हतं. आणि परक्या देशाचं वाचताना आपल्याला फार सोवळं वाटायला लागलं, तर पेशवे दप्तरातल्या कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आठवाव्यात.

तुमच्या 'कशावरून ठरवायचं' याला माझ्याकडचा शेवटचा कागद देते. 1865 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलाम निघून गेले, पीक उभं होतं. टेनेसीतल्या कर्नल अँडरसन यांनी ओहायोत जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या जुन्या गुलामाला, जॉर्डन अँडरसनला, पत्र पाठवून परत कामाला बोलावलं: ये, तुला चांगलं वागवीन. बोलावताना लाजसुद्धा वाटली नाही. जॉर्डनने ऑगस्टमध्ये उत्तर सांगून लिहवून घेतलं. अतिशय अदबीचं पत्र आहे. मला इथे महिना 25 डॉलर मिळतात, मुलं शाळेत जातात, असं सांगून तो म्हणतो की तुमचा प्रामाणिकपणा पारखायला आम्ही मागची मजुरी मागायचं ठरवलंय. मी 32 वर्षं राबलो, माझी बायको मँडी 20 वर्षं. माझे महिना 25 डॉलर, तिचे आठवड्याला 2, एकूण 11,680 डॉलर. त्यावर व्याज धरा; आमचे कपडे, डॉक्टरच्या तीन फेऱ्या आणि मँडीचा एक दात काढल्याचा खर्च वजा करा, आणि उरलेले पाठवून द्या.

आणि सगळ्यात शेवटी, ताजा कलम म्हणावा तसं: जॉर्ज कार्टरना नमस्कार सांगा, आणि तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होता तेव्हा त्यांनी तुमच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार माना.